लांबच्या बागेतला सल्ला आपल्या कुंडीत कसा उतरवायचा

टोमॅटोपासून सुरुवात करते, कारण माझे डोळे तिथेच उघडले. जिथे वर्षातले चार-पाच महिने जमीन गोठलेली असते अशा ठिकाणी बाग करणारी माझी एक मैत्रीण आहे. तिने सांगितलं की मार्चमध्ये घरात बी टाक आणि मे संपताना रोपं बाहेर लाव, आणि मी अगदी तारखा बघून तसंच केलं. रोपं जोमदार झाली, फुलांनी भरली आणि मग सगळी फुलं गळून गेली, एक फळ धरलं नाही. मी खत बदललं, पाणी कमी केलं, पाणी वाढवलं, काही फरक पडेना. शेवटी मी तिला विचारलं की बाई, तू रोपं बाहेर ठेवतेस तेव्हा तुझ्याकडे रात्री किती अंश असतात, तर ती म्हणाली दहा-बारा. माझ्याकडे तेव्हा रात्री सव्वीस होते. टोमॅटोला रात्र साधारण १३ ते २१ अंश सेल्सिअसच्या मधली लागते, त्याहून खूप गरम रात्री आणि दिवसा ३२-३५ च्या वर गेलं की परागकण नीट काम करत नाहीत आणि फूल गळतं. म्हणजे तिचा सल्ला शंभर टक्के बरोबर होता, मी त्यातली तारीख उचलली आणि टेम्परेचर मागे सोडलं.

त्यानंतर मी वेगवेगळ्या हवामानातल्या लोकांशी बोलत राहिले, खूप शिकले, आणि माझ्या अनुभवाने त्यांचीही झाडं वाचली. पण हे सगळं जमायला एक पद्धत लागते आणि ती मला तुकड्यातुकड्याने कळली, म्हणून इथे सलग लिहून ठेवतेय.

आधी स्वतःच्या बागेचं कार्ड करा

दुसऱ्याला विचारायच्या आधी आपल्याकडे नेमकं काय आहे ते कागदावर आणायचं. बहुतेक जण इथेच कंटाळा करतात, पण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

एक कमाल-किमान थर्मामीटर घ्या, जो दिवसातलं सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी असे दोन्ही आकडे धरून ठेवतो. तो झाडांच्या उंचीला, सावलीत, भिंतीपासून थोडा लांब टांगा आणि रोज सकाळी आकडे लिहून रीसेट करा. मोबाईलवर दिसतं ते टेम्परेचर कुठल्यातरी हवामान केंद्राचं असतं, तुमच्या गच्चीचं नसतं, आणि सिमेंटची गच्ची तर दिवसभर प्यायलेली उष्णता रात्रभर सोडत बसते, त्यामुळे दोन्हीत चांगलाच फरक पडू शकतो. निदान पंधरा दिवस तरी लिहा, वर्षभर लिहिलंत तर सोनं.

ऊन मोजायला एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळपासून दर तासाला एकाच जागेवरून बागेचा फोटो काढा, संध्याकाळी ओळीने बघितले की कुठल्या कोपऱ्यात किती तास थेट ऊन पडतं ते आपोआप कळतं. हे दर ऋतूत पुन्हा करायचं कारण सूर्य सरकतो, हिवाळ्यात उन्हात असलेली कुंडी उन्हाळ्यात सावलीत गेलेली असू शकते, आणि उलटही.

जमिनीत लावत असाल तर निचरा बघा. एक फूट लांब, रुंद, खोल खड्डा करा, एकदा पाण्याने भरून जिरू द्या, मग पुन्हा भरा आणि पट्टी उभी करून तासाला किती पाणी उतरतं ते बघा. तासाला अडीच ते साडेसात सेंटिमीटर उतरत असेल तर छान, त्याहून कमी म्हणजे मुळं गुदमरणार, खूप जास्त म्हणजे पाणी आणि खत दोन्ही खाली वाहून जाणार. मातीचा पोत कळायला काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती घालून वर पाणी भरा, जोरात हलवा आणि ठेवून द्या: वाळू मिनिटाभरात खाली बसते, गाळ काही तासांत, आणि चिकणमाती बसायला दिवस किंवा जास्त लागतो, थरांची जाडी बघून अंदाज येतो.

याशिवाय तुमचा अक्षांश, समुद्रसपाटीपासूनची उंची (दर हजार मीटर वर गेलं की साधारण साडेसहा अंश कमी होतात), मातीचा पीएच (माती आम्ल की विम्ल, म्हणजे अल्कधर्मी, ते सांगणारा आकडा, जास्त तेवढी विम्ल), आणि पाऊस कुठल्या महिन्यांत किती हे लिहा. बस, एवढं एका कार्डावर मावतं. माझ्या कार्डाचा फोटो फोनमध्येच आहे, कुणाशी नवीन ओळख झाली की मी आधी तो पाठवते.

झोनचा नंबर कळला म्हणून सगळं कळलं असं नाही

परदेशातले बागवाले बोलायला लागले की पहिलं वाक्य असतं मी झोन सहामध्ये, मी झोन नऊमध्ये. हा बहुतेक वेळा अमेरिकेच्या कृषी खात्याचा, म्हणजे यूएसडीएचा हार्डिनेस झोन असतो. त्यात १ ते १३ झोन आहेत, १ सगळ्यात थंड, प्रत्येक झोन दहा फॅरनहाइटचा म्हणजे सुमारे साडेपाच सेल्सिअसचा, आणि त्याचे अ आणि ब असे दोन भाग. २०२३ मध्ये त्यांनी नकाशा नवा केला, १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या नोंदींवरून. पण हा नंबर फक्त एकच गोष्ट सांगतो, वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरी किती थंड असते. बस. उन्हाळा किती तापतो, पाऊस किती, हवा दमट की कोरडी, यातलं काहीही त्यात नाही. अमेरिकेतलंच सिअ‍ॅटल आणि टक्सन बघा, दोन्हीकडे झोन ९ सापडतो, एकाचा उन्हाळा सौम्य आणि दुसरं वाळवंटात जिथे पारा चाळिशीला टेकतो. नंबर एक, बागा पूर्ण वेगळ्या.

म्हणून उष्ण भागातल्या आपल्यासारख्यांना झोनपेक्षा हीट झोन जास्त कामाचा, अमेरिकन हॉर्टिकल्चरल सोसायटीने १९९७ मध्ये काढलेला, ज्यात वर्षातले किती दिवस ३० अंशांच्या वर जातात ते मोजून १२ भाग केलेत. आणि ब्रिटनमधली व्यक्ती एच-४ किंवा एच-५ म्हणाली तर ती रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची पट्टी, तिथे आकडा वाढला की झाड जास्त थंडी सोसणारं. यूएसडीएच्या बरोबर उलटी दिशा, तिथे आकडा लहान तेवढी जागा थंड. यात भले भले गोंधळतात.

मी काय करते, झोन ऐकून घेते आणि मग तीनच गोष्टी विचारते: सगळ्यात गरम महिन्यात दिवस-रात्र किती, सगळ्यात थंड महिन्यात दिवस-रात्र किती, आणि पाऊस कधी. या तीन उत्तरांत नव्वद टक्के चित्र उभं राहतं.

महिना खोडा, तिथे अंश लिहा

आता मुख्य काम. कुणी सल्ला दिला की त्यातला प्रत्येक महिना खोडायचा आणि तिथे टेम्परेचर लिहायचं. थंड प्रदेशातले लोक सगळं शेवटच्या फ्रॉस्टवरून मोजतात, म्हणजे वसंतातली शेवटची गोठवणारी रात्र. ते म्हणतात टोमॅटोचं बी शेवटच्या फ्रॉस्टच्या सहा ते आठ आठवडे आधी घरात टाका. ज्याच्याकडे फ्रॉस्टच पडत नाही त्याने काय करायचं? त्याने वाक्य असं वाचायचं: रोप तयार व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि ते बाहेर जाईल तेव्हा रात्री गोठवणाऱ्या नसाव्यात, पुढचे दोन-तीन महिने दिवस तिशीच्या आसपास किंवा खाली असावेत. मग स्वतःच्या कार्डात बघायचं की असे दोन-तीन महिने माझ्याकडे कधी येतात, आणि तिथून सहा-आठ आठवडे मागे मोजायचे. कित्येक उष्ण ठिकाणी ही पेरणी पावसाळा संपताना येते, म्हणजे त्यांच्या कॅलेंडरच्या जवळजवळ विरुद्ध टोकाला!

दक्षिण गोलार्धातल्या माणसाशी बोलताना आधी सहा महिने मिळवायचे, त्यांचा जानेवारी म्हणजे भर उन्हाळा, आणि त्यांच्यासाठी उन्हाची बाजू उत्तर असते. खिडकी दक्षिणेला हवी हा सल्ला उत्तर गोलार्धातला, तोसुद्धा उष्ण कटिबंधाच्या बाहेरचा, कारण कटिबंधाच्या आत वर्षातले काही दिवस सूर्य थेट डोक्यावर येतो आणि काही आठवडे उलट बाजूलाही झुकतो.

उगवणीचंही तसंच, बी हवेच्या आधी मातीचं टेम्परेचर ओळखतं. लेट्यूस आणि मटार मातीत चार-पाच अंश असले तरी हळूहळू उगवतात, पण लेट्यूसचं बी माती तिशीच्या पुढे गेली की झोपून जातं आणि आपल्याला वाटतं बी खराब निघालं. मिरचीला २५ ते ३० लागतात, भेंडीला वीसच्या वर. थंड देशातली मैत्रीण मिरचीसाठी ट्रेखाली हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी चटई, ठेवते, तेच करून उष्ण भागात बी शिजेल. उलट आपण लेट्यूसचं बी ओल्या टिश्यूत गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवून मग सावलीत पेरायचं.

पाकिटावरचे दिवस पण असेच फसवतात. टोमॅटोच्या पाकिटावर ७५ दिवस लिहिलं असेल तर ते बहुतेक वेळा रोप लावल्यापासूनचे असतात, पेरल्यापासूनचे नाहीत. आणि ते कुठल्या उन्हातले? यासाठी एक सोपा हिशोब आहे, दिवसाचं कमाल आणि किमान यांची सरासरी काढायची आणि त्यातून १० वजा करायचे. कमाल ३२, किमान २२ असेल तर सरासरी २७, म्हणजे झाडाची त्या दिवसाची उबेची कमाई १७. कमाल २०, किमान १२ असेल तर सरासरी १६, कमाई ६. जवळजवळ तिप्पट फरक! म्हणून एकच वाण एकाकडे भराभर होतं आणि दुसऱ्याकडे रेंगाळतं. याला मर्यादा आहेच, फार तापलं की झाड वाढायचं थांबतं, त्यामुळे चाळीस अंशांत हा हिशोब लावू नका.

दिवस किती लांब? हा प्रश्न कुणी विचारत नाही

माझ्या मते सगळ्यात जास्त फसगत इथे होते, कारण टेम्परेचर अंगाला कळतं, दिवसाची लांबी कळत नाही. विषुववृत्तावर वर्षभर दिवस साधारण १२ तासांचा. २० अक्षांशावर वर्षात तो सुमारे ११ ते सव्वातेरा तासांच्या मधेच फिरतो. ५० अक्षांशावर मात्र हिवाळ्यात जेमतेम ८ तास आणि उन्हाळ्यात १६ तासांच्या वर, आणि ६० वर गेलात तर उन्हाळ्यात पावणेएकोणीस तास उजेड.

कांदा घ्या. कांदा गाठ धरतो ती दिवसाची लांबी बघून. शॉर्ट डे वाणं १० ते १२ तासांवर गाठ धरतात, मधली १२ ते १४ वर, लाँग डे १४ ते १६ वर. आता लांबच्या मैत्रिणीने प्रेमाने तिच्या लाडक्या लाँग डे वाणाचं नाव सांगितलं आणि तुम्ही ते २० अक्षांशावर लावलं, तर तुमच्याकडे दिवस कधी चौदा तासांचा होतच नाही, त्यामुळे वर्षभर पात खा, कांदा मिळणार नाही. तिने तुमचं शॉर्ट डे वाण तिच्या वसंतात लावलं तर दिवस आधीच लांब, रोप बोटभर असतानाच गाठ धरतं आणि कांदा गोटीएवढा. दोघींनी काळजी सारखीच घेतली, चूक कुणाचीच नाही.

पालकाचं उलटं दुखणं, दिवस चौदा तासांकडे गेला की तो पानं सोडून फुलावर येतो, उष्णता असली तर अजून लवकर. आणि वाल, चौधारी घेवडा यांची कित्येक जुनी वाणं लहान दिवसांवर फुलतात, त्यामुळे वरच्या अक्षांशातला माणूस विचारतो की वेल मांडवभर पसरला, फूल का नाही, तर त्याला खत सांगू नका. त्याचे दिवस अजून लांब आहेत एवढंच. दिवस लहान होईपर्यंत तिथे थंडी येऊन वेल मरतोही, म्हणून त्याला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नसलेली, बुटकी, लवकर येणारी वाणं सुचवा.

हे कोडं १९२० मध्ये गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मांडलं, त्यांच्याकडे तंबाखूचं एक वाण उन्हाळ्यात नुसतंच वाढत राहायचं आणि फुलायचं नाही, दिवस कृत्रिमरीत्या लहान केल्यावर फुललं. पुढे कळलं की झाड खरं तर सलग अंधार मोजतं. म्हणून शेवंती किंवा पॉइन्सेटिया फुलत नसेल तर रात्री तिच्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा किंवा खिडकीतला उजेड पडतो का ते आधी बघा! माझी एक शेवंतीची कुंडी दोन वर्षं हट्टाला पेटल्यासारखी नुसती पानं काढत होती, दिव्यापासून हलवली आणि त्याच मोसमात कळ्या.

थंडीची भूक हा याचाच भाऊ. सफरचंदाच्या कित्येक वाणांना ० ते ७ अंशांमधले आठशे-हजार तास लागतात, तेवढी झोप मिळाली नाही की वसंतात कळ्या अर्धवट आणि वेड्यावाकड्या फुटतात. उष्ण भागात ट्राय करायचंच असेल तर अ‍ॅना किंवा डॉर्सेट गोल्डनसारखी कमी थंडीची वाणं बघा. ट्यूलिपच्या कंदांना १२ ते १६ आठवडे थंडी लागते, फ्रीजमध्ये देता येते पण त्याच फ्रीजमध्ये फळं ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने आतली कळी मरते.

ऊन आणि पाणी

फुल सन म्हणजे दिवसाला सहा तास किंवा जास्त थेट ऊन, ही व्याख्या सगळीकडे एकच आहे पण ऊन सगळीकडे एक नाही. वरच्या अक्षांशातलं तिरपं ऊन आणि उष्ण कोरड्या प्रदेशातलं दुपारी दोनचं ऊन यांची तुलनाच होत नाही. उष्ण भागात फुल सन वाचलं की सकाळचं ऊन पूर्ण द्या आणि दुपारी ३५ ते ५० टक्क्यांची शेडनेट, भाज्या बहुतेक खूश राहतात. थंड, ढगाळ भागातल्या माणसाला मात्र शेडनेट सांगू नका, त्याला मिळेल तेवढं ऊन कमीच पडतं.

पाण्याचा सल्ला मी कधीच आहे तसा घेत नाही. आठवड्याला एक इंच पाणी असं परदेशातले बागवाले सर्रास म्हणतात. एक इंच म्हणजे २५ मिलिमीटर, आणि एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे बरोबर एक लिटर, तर आठवड्याला चौरस मीटरला २५ लिटर. एक फूट व्यासाच्या कुंडीला हा हिशोब लावलात तर आठवड्याला पावणेदोन लिटर येतात, आणि कडक उन्हात फळांनी लगडलेलं झाड तेवढं पाणी एक-दोन दिवसांत संपवतं. हा सल्ला मुळात जमिनीतल्या वाफ्याचा आणि सौम्य उन्हाळ्याचा आहे. म्हणून लिटर सोडा, बोट मातीत दोन पेरं घाला. जमिनीत असेल तर वाफसा बघा, मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि बोट लावलं की फुटावा.

दमटपणा विचारायचा राहतोच. ३५ अंश आणि कोरडी हवा असेल तर झाड तहानेने कोमेजतं, कुंडी मातीची असेल तर ती अजून लवकर सुकते, लाल कोळी ही कीड लागते, तिथे आच्छादन जाड, प्लास्टिकची किंवा ग्लेझ केलेली कुंडी बरी. तेच ३५ अंश आणि हवा दमट असेल तर पाणी सुकतच नाही, मूळ सडतं, बुरशी येते, तिथे मातीची कुंडी वरदान आणि झाडांत अंतर जास्त ठेवायचं. दोघेही म्हणणार माझ्याकडे पस्तीस आहे, आणि दोघांना एकमेकांचा सल्ला नेमका मारक.

आच्छादनाचंही असंच आहे. थंड भागातले लोक वसंतात माती गरम होईपर्यंत आच्छादन घालत नाहीत, नाहीतर माती थंडच राहते. उष्ण भागात उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा घालायचा, फक्त खोडाला चिकटू द्यायचा नाही. उंच गादीवाफे थंड आणि ओल्या जागी उत्तम कारण ते लवकर तापतात आणि निचरा होतो, पण रखरखीत कोरड्या जागी तेच वाफे भट्टी होतात. तिथे वाफा जमिनीपेक्षा खाली घ्यायचा, अमेरिकेच्या नैऋत्येतले झुनी लोक पूर्वापार कडेने मातीचे बांध घातलेले छोटे चौकोनी खोलगट वाफे करत आलेत, पाण्याचा थेंब बाहेर जात नाही.

माती, खत आणि शब्दांचे घोळ

खूप पाऊस पडतो तिथे मातीतलं चुन्याचं सत्त्व वाहून जातं आणि माती आम्लधर्मी होते, कोरड्या प्रदेशात ते साठतं आणि माती विम्लधर्मी. त्यामुळे पावसाळी प्रदेशातला माणूस अगदी मनापासून सांगतो की लाकडाची राख टाका, भाजी भरभरून येते. त्याच्याकडे येतेच! राख पीएच वाढवते. ज्याची माती आधीच आठच्या जवळ आहे त्याने टाकली तर लोह अडकून बसतं आणि पानं पिवळी, शिरा हिरव्या असं दिसायला लागतं. पीएच न विचारता राख, चुना, गंधक यातलं काही घ्यायचं नाही आणि काही सांगायचं नाही, हा माझा पक्का नियम आहे. हायड्रेंजियाचा रंग विचारा वाटल्यास, आम्ल मातीत ती निळी आणि विम्ल मातीत गुलाबी होते, पांढऱ्या वाणांना हे लागू नाही.

शब्द फार दगा देतात. ब्रिटिश माणूस कंपोस्ट म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा त्याला पिशवीतलं तयार पॉटिंग मिक्स म्हणायचं असतं, बी त्यातच पेरा असं तो सांगतो, आणि आपण ते वाचून निव्वळ कुजलेल्या खतात बी पेरतो, मग रोपं जळतात किंवा मरतात. जिरेनियम म्हणून कुंडीत लावतात ते खरं पेलार्गोनियम, गोठलं की मरतं, आणि खऱ्या जिरेनियम वंशातली कित्येक झाडं बर्फात तग धरतात. म्हणून झाडाचं शास्त्रीय नाव आणि वाणाचं नाव दोन्ही विचारा. गॅलनही दोन आहेत, अमेरिकन ३.७८ लिटरचा आणि ब्रिटिश ४.५४ चा, फवारणीचं प्रमाण घेताना हे नक्की बघा.

रोगांबद्दल थोडक्यात. टोमॅटो-बटाट्याचा उशिरा येणारा करपा थंड आणि ओल्या हवेत पसरतो, भुरीला, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या पिठासारख्या बुरशीला, पान ओलं लागत नाही, कोरड्या दिवसांतही येते. औषधाचा सल्ला घेताना फवारणीच्या वेळचं टेम्परेचर विचारा, कडुलिंबाच्या तेलासारखी तेलं तिशीच्या पुढच्या उन्हात फवारली तर पानं भाजतात, संध्याकाळीच मारा.

विचारायचं कसं आणि सांगायचं कसं

माझी मिरची वाढत नाही, काय करू, या प्रश्नाला जगातला कुणीही माळी नीट उत्तर देऊ शकत नाही. हाच प्रश्न असा विचारा: मिरची, अमुक वाण, पेरून ७० दिवस, दहा इंची प्लास्टिक कुंडी, अर्धं कोकोपीट अर्धं गांडूळखत, सकाळी चार तास ऊन, दिवसा ३४ रात्री २५, हवा दमट, दोन दिवसांआड पाणी, गेल्या दहा दिवसांत नवीन पान नाही. लिहितानाच कधी कधी उत्तर सापडतं (या उदाहरणात चार तास ऊन आणि फारच खत-पाण्याने जड झालेलं मिश्रण, दोन्ही मला खटकतात). फोटो पाठवाल तर तीन पाठवा, पूर्ण झाड, पानाची खालची बाजू, आणि मातीचा पृष्ठभाग, फ्लॅश न वापरता.

सांगतानाही तसंच. हे करा असं सांगण्याऐवजी माझ्याकडे अशा अशा परिस्थितीत हे चाललं असं सांगा. आणि फसलेलं आवर्जून सांगा, कारण यशाला दहा कारणं असतात, फसलेल्यात बहुतेक वेळा एकच असतं आणि ते दुसऱ्याला थेट उपयोगी पडतं. माझी ती मैत्रीण, तिच्याकडे कधी नव्हे ती आठवडाभर पस्तीसची लाट आली तेव्हा घाबरून गेली, रोज दुपारी कोमेजलेल्या काकडीला पाणी घालत होती. मी तिला सांगितलं की दुपारी मोठी पानं मान टाकतात ते साहजिक आहे, संध्याकाळी उठतात का बघ, सकाळी लवकर भरपूर पाणी दे, जुनी पांढरी चादर बांध, खत आणि छाटणी आठवडाभर बंद. तिच्या काकड्या वाचल्या. आपल्याला जे रोजचं वाटतं ते दुसरीकडे कुणालाच माहीत नसतं.

ट्राय करायचं ते थोड्यावर

नवीन सल्ला सगळ्या बागेवर लावायचा नाही. सहा रोपं असतील तर तिघांवर नवीन, तिघांवर नेहमीचं, बाकी माती, ऊन, पाणी सारखं. एका वेळी एकच बदल. खत, कुंडी आणि जागा एकदम बदललीत तर चांगलं झालं तरी कशाने झालं ते कधीच कळणार नाही. निदान दोन मोसम करून बघा, एक मोसम नुसत्या हवेच्या लहरीनेही चांगला किंवा वाईट जातो.

लांबच्या मित्रासोबत जोडीने प्रयोग केला तर मजा और आहे. दोघांनी एकच वाण आपापल्या ठिकाणी योग्य टेम्परेचर असताना लावायचं, म्हणजे तारखा वेगळ्या असल्या तरी चालतं, आणि दोघांनी त्याच पाच गोष्टी लिहायच्या: उगवायला किती दिवस, पहिलं फूल, पहिलं फळ, रोजचं कमाल-किमान, आणि काय बिनसलं. घेवडा यासाठी बेस्ट, बी मोठं, लवकर येतो, नाजूक नाही.

बी पाठवायच्या आधी थांबा

ओळख वाढली की बियांची देवाणघेवाण करावीशी वाटते आणि मला तो मोह चांगला कळतो. पण पाकिटात टाकून दुसऱ्या देशात बी पाठवणं बहुतेक ठिकाणी बेकायदा ठरू शकतं. वनस्पतींचे रोग आणि किडी सीमेपलीकडे जाऊ नयेत म्हणून १९५१ पासून आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि युरोपियन युनियनने १४ डिसेंबर २०१९ पासून बाहेरून येणाऱ्या जवळजवळ सगळ्या झाडांना आणि पेरायच्या बियांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र सक्तीचं केलंय. २०२० मध्ये अमेरिकेत कित्येकांना न मागवलेली बियांची पाकिटं टपालाने आली तेव्हा तिथल्या कृषी खात्याने ती पेरू नका असंच सांगितलं होतं. माती लागलेली रोपं, कंद, कलमं तर अजिबात नाही.

आणि कायद्याचं सोडा, एका हवामानात शहाण्यासारखं वागणारं झाड दुसरीकडे रान माजवतं. घाणेरी, म्हणजे लँटाना, थंड भागात कुंडीतलं गोंडस फुलझाड आहे कारण हिवाळा तिला आवरतो, उष्ण भागात तिने जंगलं गिळली. जलपर्णीने तळी झाकली. जपानी नॉटवीड एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून युरोपात नेली आणि आज तिची मुळं काढता काढता ब्रिटनमध्ये नाकी नऊ येतात. म्हणून मी बी पाठवत नाही, वाणाचं पूर्ण नाव पाठवते, आणि समोरच्याने ते त्याच्याच देशातल्या नोंदणीकृत विक्रेत्याकडून घ्यावं, घ्यायच्या आधी तिथल्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत नाव आहे का ते बघावं. नेमकं तेच वाण मिळालं नाही तर त्याचे गुण कळवायचे, म्हणजे किती दिवसांत येतं, दिवसाची लांबी कुठली लागते, बुटकं की वेल, आणि त्या गुणांचं तिथलं वाण शोधायचं. त्या थंड भागातल्या मैत्रिणीसोबत मी केलेल्या घेवड्याच्या जोडप्रयोगाचं असंच झालं, वाण दोघींची वेगळी निघाली पण दोन्ही बुटकी आणि लवकर येणारी. तिची माती आत्ता कुठे १५ अंशांवर आलीय, या आठवड्यात ती पेरतेय, माझ्या शेंगा सुकून बियाण्याला बाजूला ठेवून झाल्या.